अर्धं डोकं मुलाचं, अर्धं सुनेचं

मधोमध

शेपटीच्या कंगव्याचं टोक माझ्या कपाळाच्या मध्यावर टेकलं आणि टाळूवरून मागे, थेट मानेपर्यंत सरकत गेलं.

"हलू नका हं मावशी," पार्लरवाली म्हणाली. "चार केस इकडचे तिकडे झाले तर तुमच्या घरात भांड्याला भांडं लागायचं आणि नाव माझं व्हायचं."

"तुझं नाव आधीच काय कमी झालंय?"

"बघा! वाकायच्या आधीच टोमणा."

तिनं दोन्ही भागांना एकेक रबर लावलं. साठी उलटलेल्या बाईला दोन शेपट्या. आरशात मी एकाच वर्गात पुन्हा बसवलेल्या मुलीसारखी दिसत होते.

माझ्या डोक्याची अशी वाटणी झाली. एका अर्ध्याला मुलानं बनवलेलं कंडिशनर लागणार, दुसऱ्या अर्ध्याला सुनेनं बनवलेलं. लाल झाकणाची बाटली मुलाची, पांढऱ्या झाकणाची सुनेची. कुठली बाटली कुठल्या अर्ध्यावर हे पार्लरवालीनं ठरवायचं आणि पोटात ठेवायचं. मी उद्या संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजू हुंगायच्या, चाचपायच्या, विंचरायच्या आणि सांगायचं, ही चांगली. झालं.

इतकं सोपं होतं. पण मला चांगली बाजू ओळखायचीच नव्हती. मला मुलाची बाजू ओळखायची होती.

का, ते सांगते

नाही, आधी त्या दोघांचं काम सांगायला हवं. दोघं एकाच कारखान्यात, एकाच प्रयोगशाळेत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसतात. केसांना लावायच्या गोष्टी बनवतात. मालकानं दोघांनाही सांगितलं, कोरड्या केसांसाठी एकेक कंडिशनर बनवा, एकमेकांना न विचारता. सुगंध त्यानंच निवडून दिला, दोघांना एकच. बाकी तुमचं तुम्ही. मग घरात चकार शब्द न काढता दोघांनी महिनोन्‌महिने खपून जे बनवलं ते जवळजवळ सारखंच निघालं. संसार जुना झाला की नवरा-बायको एकमेकांसारखे दिसायला लागतात म्हणे. यांची कंडिशनरं दिसायला लागली.

यंत्रावर दोन्ही सारखी. बाहेरच्या बायका बोलावून त्यांच्या डोक्यांवर असंच अर्धं-अर्धं लावून पाहिलं, तर निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे. मालक वैतागला. म्हणाला, एक बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवा, कुठली ते तुम्ही दोघं बघा. आणि ज्याची बाटली असेल त्यानं नव्या कारखान्यात जाऊन ती तिथं उभी करायची. दोन वर्षं. नवा कारखाना इथून इतका लांब आहे की इथं लोक दात घासत असतात तेव्हा तिथं जेवून झोपायला निघालेले असतात.

म्हणजे जिंकेल तो जाणार. हरेल तो माझ्याजवळ राहणार.

आता का, ते सांगते. मला सूनबाई राहायला हवी होती.

हे वाक्य मी मनातसुद्धा दार लावून म्हणत असे. पोटचा पोरगा दोन वर्षं लांब गेला तरी चालेल, पण सून नको जायला, असं कुठली आई म्हणते? पण आमचे चिरंजीव घरात असतात म्हणजे काय, तर त्यांचे बूट घरात असतात. कानात ती गाणी ऐकायची बोंडं खुपसून बसतात. मध्येच हसतात, मला वाटतं माझ्या बोलण्याला हसले. सूनबाई भांडते. टीव्हीच्या आवाजावरून भांडते, माझ्या गोळ्यांवरून भांडते, मी चहात चोरून साखर घालते त्यावरून भांडते. माझा पाय मांडीवर घेऊन नखं कापते आणि कापता कापता कारखान्यातल्या एकेकाची नक्कल करते. ती गेली तर घरात बोलायला उरणार मी आणि भिंत. भिंतीला निदान कान असतात, आणि त्यांत बोंडं नसतात.

म्हणून मुलाचं कंडिशनर जिंकायला हवं होतं. म्हणून ते ओळखायला हवं होतं. म्हणून मी, जिला दोघांनी एकमतानं निःपक्षपाती डोकं म्हणून निवडलं होतं, ती मी

"वाका," पार्लरवाली म्हणाली.

बेसिनवर

मान मागे टाकली की मला गरगरतं. त्यामुळे इतर बायकांसारखी मी खुर्चीत रेलून केस धुवून घेत नाही. बेसिनवर पुढे वाकते, कपाळ हाताच्या घडीवर टेकून. पार्लरवालीचं बेसिन भिंतीपासून सुटं, खोलीच्या मध्यात आहे. ती पलीकडे जाऊन समोरून धुते. हे सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा इथंच झाला.

शांपू झाला. पाणी निथळलं. मग वरून आवाज आला.

"मावशी, ही तुमची डावी ना?"

एका शेपटीला हलका हिसका बसला. माझं डोकं खाली, डोळ्यांत पाणी, नाक बेसिनच्या भोकाकडे. मी आयुष्यभर पडदे शिवले. पडद्याचा डावा भाग म्हणजे बघणाऱ्याच्या डाव्या हाताचा. पडद्याला स्वतःचा डावा हात नसतो. सवयीनं मी मनात पडदा पाहिला, बघणारी ती आहे असं धरलं आणि म्हटलं,

"हो."

"बरं." मग जरा थांबून, स्वतःशीच, "थांबा हं, तुम्ही वाकलाय. म्हणजे उलट." मग आणखी जरा थांबून, "की नाही?"

"काय ते?"

"काही नाही. डोळे मिटा, झोंबेल."

झाकणं उघडल्याचे दोन आवाज आले. टक. टक.

दोन अर्धे

(डावा म्हणजे आता माझा डावा. चहाचा कप मी ज्या हातात धरत नाही, तो.)

डावा, ओला. वास आधी आला. सोललेली काकडी, आणि काकडीच्या मागे कुठंतरी नवी छत्री पहिल्यांदा उघडल्यावर येतो तो वास.

उजवा, ओला. तीच काकडी. छत्री नाही. छत्रीच्या जागी काही तरी होतं पण त्याचं नाव मला येईना. नाकापर्यंत येई आणि पाहुणा चुकीच्या दारावर आल्यासारखं परत जाई.

डावा, वाळताना. बोटं घसरत होती. अस्तराचं सॅटिन. कंगवा वर टेकवला की खाली आपोआप.

उजवा, वाळताना. जरासं अडून मग सुटे. सुती, पण बरंच धुतलेलं, अंगाला ओळखणारं.

मी खूश झाले. उघड होतं! चिरंजीव लहानपणापासून सुरुवातीला झगमगाट करणारे. पहिल्या पेपरला पुरवण्या मागणार, शेवटच्या पेपरची तारीखच विसरणार. घसरगुंडी त्याची. डावा अर्धा मुलाचा. ठरलं.

डावा, पूर्ण वाळल्यावर. चपटा. कुणी तरी टोपी घालून काढून घेतल्यासारखा.

उजवा, पूर्ण वाळल्यावर. घसरू लागला. चमकूही लागला. आणि मी शपथेवर सांगते, छत्री आता उजवीकडे आली होती.

जेवताना

"आई, काही बोलू नका हं," सूनबाई म्हणाली. "चेहऱ्यावरही दाखवू नका."

"चेहऱ्यावर काय दाखवू? कंडिशनर डोक्याला लावलंय."

दोघंही माझ्या डोक्याकडे बघत जेवत होते. घास तोंडाऐवजी हनुवटीला लागत होते. चिरंजीवांच्या कानात बोंडं नव्हती, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

मी चलाखी केली. म्हटलं, "घटक तरी सांगा. बाहेरच्या बाटलीवर लिहिलेले असतात की. मी आंधळेपणानं काय म्हणून ठरवायचं?"

"पाणी," मुलगा म्हणाला.

"पाणी," सून म्हणाली.

"म्हणजे बहुतेक पाणीच," मी म्हटलं.

"मग सेटाइल अल्कोहोल."

"अरे देवा, दारू?"

"नाही गं आई, मेणासारखं असतं ते. घट्टपणा येतो."

"माझ्यातही तेच," सून म्हणाली. "मग ग्लिसरीन. ओलावा धरून ठेवायला."

"ग्लिसरीन. आणि सिलिकॉन. केसावर पातळ थर बसतो त्याचा, म्हणून कंगवा घसरतो."

"सिलिकॉन माझ्यातही आहे. तुझ्याइतकं नसेल."

"माझ्यात किती आहे ते तुला काय ठाऊक?"

"तुझा हात मला ठाऊक नाही होय? चहात दूध घालतोस तसंच घालणार तू."

मी कान टवकारले. घसरगुंडी त्याची, हे बरोबरच होतं. फक्त घसरगुंडी कुठल्या बाजूला, हे काही ठरत नव्हतं.

"आणि प्रथिन," सून म्हणाली. "गव्हाचं."

मुलाचा हात थांबला. "तू गहू घातलास?"

"तू नाही?"

"मी ओट."

दोघं एकमेकांकडे असे बघायला लागले, जणू आज पहिल्यांदाच ओळख होत होती. हिच्यात गहू आहे. ह्याच्यात ओट. इतकी वर्षं एका घरात राहून हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

"मला मेलीला ब्रेड मात्र तुम्ही कसलाही आणून घालता," मी म्हटलं.

सूनबाई खो-खो हसली. मुलगाही हसला. माझ्याच बोलण्याला हसला, खात्रीनं. मग उठून आपली उशी घेऊन आला आणि माझ्या पलंगावर माझ्या उशीशेजारी लावून ठेवली.

"हे काय?"

"कुशीवर झोपू नकोस. एक बाजू दबेल मग. दोन्हीकडून उशी लाव आणि उताणी झोप. मान दुखली तर हाक मार, मी आहे."

मी आहे! हा माणूस घरात आहे हे मला कळवायला त्याला कंडिशनर लागलं. आणि नेमका ह्याला मी लांब पाठवायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी, तुकडे

सकाळी डावी बाजू मऊ. उजवी बाजू मऊ.

गव्हाचा वास कसा असतो? डब्यातलं पीठ हुंगलं. मग केस हुंगले. आता दोन्ही बाजूंना पीठ.

शेजारीण लिफ्टमध्ये म्हणाली, "आज वेगळ्याच दिसताय." कुठल्या बाजूनं, असं मी विचारलं. ती पायऱ्यांनी गेली.

समजा डावी मुलाची. मग डावी चांगली म्हणायचं. मुलगा जाईल. मुलगा, ज्यानं काल उशी आणून दिली. समजा उजवी मुलाची. मग उजवी चांगली म्हणायचं. तरी मुलगाच जाईल. म्हणजे बाजू कुठलीही असो, मी त्यालाच

पुन्हा विंचरलं. उजवी जास्त घसरली. सिलिकॉन त्याचं जास्त. म्हणजे उजवी त्याची. बस, आता पुन्हा हात लावायचा नाही.

पुन्हा हात लावला.

निकाल

संध्याकाळी आम्ही चौघं पार्लरमध्ये. पार्लरवालीनं दाराला 'बंद'ची पाटी लावली. मी खुर्चीत, तिघं माझ्या मागे, आरशात चार चेहरे. मी उजव्या शेपटीला हात घातला आणि वर धरली.

"ही."

"नक्की?" दोघंही एकदम.

"नक्की."

मग सगळ्यांचे डोळे पार्लरवालीकडे वळले. तिनं पदकविजेत्याचं नाव घोषित करताना घेतात तसा श्वास घेतला. "उजवी म्हणजे पांढरी," ती म्हणाली. मग तो श्वास तिच्यातच अडकला. "नाही. लाल. थांबा."

"थांबा काय? तुला ठाऊक असणार ना?" सून म्हणाली.

"ठाऊकच आहे. लाल डावीला लावायची असं मी घरूनच ठरवून आले होते. मग मावशींना विचारलं, ही डावी का, त्या हो म्हणाल्या. पण त्या वाकल्या होत्या आणि मी समोर. समोरून त्यांची डावी माझ्या उजव्या हाताला येते. म्हणून मी उलट केलं. पण त्यांनी आधीच उलट करून सांगितलं असेल, तर मी उलट्याचं सुलट केलं."

"आई, तू कुठली डावी सांगितलीस?"

"पडद्याची," मी म्हटलं.

मुलानं कपाळावर हात मारला. "प्रयोगशाळेत डावी म्हणजे ज्याचं डोकं त्याची डावी. हे पहिल्या दिवशी शिकवतात."

"मला कोणी पहिल्या दिवशी काही शिकवलं नाही. मला नुसतं वाकवलं."

"वाका बघू पुन्हा," पार्लरवाली म्हणाली. मी बेसिनवर वाकले. ती पलीकडे गेली. "आता मी अशी उभी. लाल ह्या हातात. की ह्या? मावशी, तेव्हा फोन वाजला होता का हो माझा?"

"मला काय ठाऊक? मी बेसिनचं भोक बघत होते."

"वाजला असेल तर बाटली मी खाली ठेवली असणार," ती म्हणाली आणि सगळ्यांकडे अशी बघू लागली, जणू उत्तर आमच्यातल्याच कुणी तरी लपवलंय.

"जाऊ दे, वासावरून सांगतो," मुलगा म्हणाला आणि त्यानं माझी उजवी शेपटी नाकाशी नेली. "ही माझी आहे."

"बघू." सुनेनं ती त्याच्या हातातून घेतली. "काहीतरीच. माझी आहे ही. हा शेवटचा ओलसर वास माझाच."

"तो ओटचा आहे."

"ओटला वास नसतो."

"गव्हाला तरी कुठं असतो?"

मग डावी शेपटी. ती दोघांनी हुंगली आणि दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बोट केलं. "ही तुझी."

माझी मान दोन्ही बाजूंनी ओढली जात होती. स्वतःच्या हातानं बनवलेलं स्वतःला ओळखू येत नव्हतं. दोघांनाही एवढंच ठाऊक होतं की जिंकलेली बाजू आपली. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, कुठल्या अर्ध्यात ते सांगता येणार नाही. हरल्यावर सुटल्यासारखं वाटणारं माणूस त्या खोलीत नव्हतं.

"म्हणजे तुम्हा दोघांनाही जायचंय?"

पार्लरवालीनं उगाच एक कात्री पुसली.

"मला जायचंय, आई," सूनबाई म्हणाली. आरशातून नाही, वळून, माझ्याकडे बघून. "प्रयोगशाळेत त्या टेबलावर मला सगळे वहिनी म्हणतात. मी त्याच्या आधी दोन वर्षं लागलेय तिथं, तरी वहिनी. वहिनी, जरा हे ढवळता का. वहिनी, साहेबांना विचारून सांगा. तिथं लांब कोणाला ठाऊकच नसेल मी कोणाची कोण ते."

"आणि तू?" मी मुलाला विचारलं.

त्यानं खांदे उडवले. "मला वाटलं, मी गेलो तर तुम्ही दोघी मजेत राहाल. नाही तरी मी आलो की तुमचं हसणं थांबतं."

"थांबत नाही रे, तू ऐकत नाहीस!"

"तेच ते."

ते तेच नव्हतं. की होतं? आम्ही गप्प होतो म्हणून ह्यानं बोंडं घातली, की ह्यानं बोंडं घातली म्हणून आम्ही गप्प झालो? डावं आधी की उजवं आधी? मला काही म्हणजे काही कळेना, आणि न कळण्याच्या भरात जे कधी बोलायचं नव्हतं ते तोंडातून गेलं.

"मला सून राहायला हवी होती. म्हणून मी कालपासून तुझी बाजू शोधतेय. चांगली कुठली ते मी बघितलंच नाही."

"अगं बाई!" पार्लरवाली म्हणाली. "म्हणजे परीक्षकच कॉपी करत होते!"

मुलाकडे बघायचं मला धाडस होईना. तोच म्हणाला, "ठाऊक आहे मला." रागानं नाही. भाजी आणलीस का, आणली, असं बोलतात तसं. सूनबाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग तो काढून घेतला.

पुन्हा

पुन्हा धुवावं लागणार होतं. मालक फोनची वाट बघत होता, उद्याचा दिवस नव्हता.

"आता डावं-उजवं बंद," पार्लरवालीनं जाहीर केलं. "एक बाजू खिडकीकडची, एक दाराकडची. खिडकी हलत नाही आणि दार हलत नाही. तुम्ही दोघं बाहेर जिन्यात बसा. आणि मावशी, आता खरं सांगायचं."

मी वाकले. पाणी सुरू झालं. शांपू, पाणी, टक, टक. तिची बोटं आधी एका बाजूला फिरली, मग स्वच्छ धुऊन, पुसून, दुसऱ्या बाजूला. मग पुन्हा पाणी. आणि पाण्याच्या आवाजात तिचं तोंड माझ्या कानाशी आलं.

"सांगू का?"

नको म्हणायला हवं होतं. पण तोंड उघडलं तर पाणी आत जात होतं, आणि खरं सांगायचं तर मला नको म्हणायचं होतं की हो, हे मी अजून ठरवत होते. मी गप्प राहिले. गप्प म्हणजे हो, असं तिनं धरलं.

"दाराकडची सूनबाईंची."

झालं. आता ते परत पाठवता येत नव्हतं.

तिनं वाऱ्याच्या यंत्रानं केस वाळवले. मी खिडकीकडच्या बाजूला हात लावला. चांगली होती. गुळगुळीत, जड, शहाणी. मग दाराकडच्या. आणि माझी बोटं खोटं बोलायला लागली. दाराकडची मला जास्त मऊ लागली. पण ती मऊ होती म्हणून लागली, की सूनबाईची होती म्हणून? सूनबाईची म्हणून मऊ लागत असेल, तर ती खिडकीकडची असती तर खिडकीकडची मऊ लागली असती का? पुन्हा खिडकी. पुन्हा दार. दोन कापडं एकाच ताग्यातली आहेत का हे मी एकेकाळी अंधारात सांगत असे. तेव्हा कापड कोणाचं आहे ह्यानं मला काही फरक पडत नव्हता.

खिडकीकडची म्हटलं, तर तो जाईल आणि ती राहील. मला हवं होतं ते अगदी हातात होतं, विंचरलेलं, वाळलेलं. कोणाला कळलंही नसतं. उद्यापासून ती पुन्हा माझ्या गोळ्यांवरून भांडली असती, पुन्हा त्या टेबलावर वहिनी झाली असती, आणि मी तिच्या मांडीवर पाय ठेवून हसले असते.

हसले असते का?

"बोलवू?" पार्लरवालीनं विचारलं.

"बोलव."

दोघं आत आले. जिन्यात भांडून आले होते की हातात हात घालून बसले होते, चेहऱ्यावरून कळत नव्हतं. कदाचित दोन्ही.

"दाराकडची," मी म्हटलं.

पार्लरवालीनं माझ्याकडे बघितलं. मी आरशाकडे बघितलं. "दाराकडची पांढरी," ती म्हणाली. "या वेळी शंभर टक्के. दार बघा, तिथंच आहे."

सूनबाई आनंदानं ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली, चेहरा माझ्या गुडघ्यांच्या उंचीला.

"आई, तुम्हाला ठाऊक नव्हतं ना, कुठली कोणाची?"

ठाऊक होतं म्हटलं असतं तर निकाल रद्द. मग तिसऱ्यांदा वाका, चौथ्यांदा वाका, माझे केस संपेपर्यंत. आणि ठाऊक नव्हतं म्हटलं तर खोटं. तिच्या तोंडावर मी चहातल्या साखरेखेरीज कधी खोटं बोलले नव्हते.

"मला कसं ठाऊक असणार?" मी म्हटलं. "मी बेसिनचं भोक बघत होते."

ती बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग उठली आणि फोन लावला. खिडकीशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून बोलू लागली. हो सर. ठरलं. माझी. नाही, त्यांना विचारायची गरज नाही, मी सांगतेय ना. असा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. तो मोठा नव्हता, पण त्याला कोणी मध्ये तोडलं नसतं. मला त्या आवाजाचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी हे माणूस आपल्या घरात राहतं का, असा प्रश्नही पडला.

माझे केस मानेशी अजून ओले होते. मुलानं खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि माझ्या डोक्यावर टाकला. त्याला असलं काही येत नाही. त्यानं नाकासकट सगळंच झाकलं आणि दोन्ही हातांनी पुसायला लागला, खिडकी आणि दार दोन्ही एकात एक कालवत.

"आई," टॉवेलच्या बाहेरून तो हळूच म्हणाला, "खरंच तिची चांगली होती?"

आत अंधार होता आणि काकडीचा वास होता.

"मला नाही कळलं रे," मी म्हटलं.

त्याचे हात थांबले. मग पुन्हा चालू लागले, आधीपेक्षा जरा जोरात.